ऐकणाऱ्याची जागा

नेवासा फाट्यावर महामार्ग सुटतो.

ट्रकांचे भोंगे, एसटीची थरथर, उसाने लादलेल्या ट्रॉल्या मागे राहतात. रस्ता गावाकडे वळतो. गावाच्या कडेने प्रवरा वाहते आहे.

तुम्ही इथे आला असाल तर सावकाश चला. आला नसाल तर जिथे असाल तिथेच बसा आणि मनाने या. दोन्ही येणी सारखीच.

ज्ञानेश्वर मंदिराच्या दाराशी चपला काढा. तळव्यांना फरशी लागू द्या. सकाळ असेल तर ती गार असेल. दुपार असेल तर चटका बसेल. जे असेल ते जाणवू द्या.

आत एका कडेला बसा. मांडी जमत नसेल तर पायरीवर बसा.

हात मांडीवर ठेवा. खांदे सोडा. दातांवर दात असतील तर तेही सैल होऊ द्या.

श्वास आत येतो आहे. येऊ द्या.

श्वास बाहेर जातो आहे. जाऊ द्या.

पुन्हा एकदा.

आता समोर पाहा.

*

समोर एक खांब आहे.

काळ्या दगडाचा. या सगळ्या मुलखाच्या पोटात हाच दगड आहे. फार फार पूर्वी तो वितळलेला होता, वाहत होता. मग निवला. मग कुणीतरी त्याला घडवला आणि उभा केला.

लोक त्याला पैसाचा खांब म्हणतात.

कधीकाळी तो करवीरेश्वराच्या देवळातला एक खांब होता. ते देऊळ आता नाही. छत गेलं, भिंती गेल्या. खांब राहिला. पुढे लोकांनी त्याच्याभोवती नवं मंदिर बांधलं.

एरवी खांब देवळाला तोलून धरतो. इथे खांबासाठी देऊळ उभं आहे.

पाहत राहा.

दगडावर गंध आहे. हार आहे. येणारा माणूस पुढे होतो, कपाळ टेकवतो, क्षणभर तसाच राहतो आणि मागे सरतो. मागून दुसरा येतो. कुणी काही विचारत नाही, कुणी काही सांगत नाही.

खांबावर अक्षरं कोरलेली आहेत. जुनी, संस्कृत. त्यांत कुणा राजाचा पराक्रम नाही. देवापुढचा दिवा तेवत राहावा म्हणून तेलासाठी दिलेल्या दानाची ती नोंद आहे.

एका दिव्याचं तेल. एवढंच.

त्या तेलाचा विचार करा. कुणीतरी समईत ते ओतलं असेल. वात सारखी केली असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. दिवा तेवत राहतो तो असा, रोज कुणीतरी आठवणीने तेल घालतं म्हणून.

श्वास आत. श्वास बाहेर.

अक्षरं वाचता आली नाहीत तरी चालेल. नजर त्यांच्यावरून फिरू द्या.

*

परंपरा सांगते की या खांबाला टेकून ज्ञानेश्वर बसले आणि गीता मराठीत सांगू लागले.

साल 1290. शके 1212. देवगिरीवर रामचंद्र यादवाचं राज्य आहे. सांगणारा पंधरा वर्षांचा आहे.

पंधरा.

तुमच्या ओळखीचं पंधरा वर्षांचं कुणी आठवा. दहावीतला भाचा. शेजारची मुलगी. त्या वयाचा गळा आठवा, त्या वयाच्या बारीक मनगटाची हाडं आठवा.

या मुलाने काय काय पाहिलं आहे, तेही जवळ येऊ द्या. संन्यास सोडून संसारात परतलेल्या बापाची ही मुलं. गावाने वाळीत टाकलेली. आईबाप गेलेले. पैठणला जाऊन शुद्धिपत्राची याचना करून झालेली. त्या वाटेवरून परतताना ही चार भावंडं इथे थांबली आहेत. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता.

इतकं सोसलेला मुलगा तोंड उघडतो, तेव्हा कडवट शब्द यावा असं वाटतं.

तो येत नाही.

इथे थोडं थांबा. हे लगेच समजून घ्यायची गरज नाही. खांबाकडे पाहा. त्या दगडाला टेकलेली एक लहानशी पाठ डोळ्यांपुढे येऊ द्या.

आता तुमच्या स्वतःच्या पाठीकडे लक्ष न्या. मणका कुठे ताठ आहे? कुठे वाकला आहे? जिथे दुखतं तिथे श्वास पोचू द्या.

टेकायला काहीतरी मिळालं की पाठ हलकी होते.

आत. बाहेर.

*

आता खांबावरून नजर काढा आणि खांबासमोरची जागा पाहा.

ही मोकळी फरशी. तुम्ही जिथे बसला आहात, तीच.

इथे ऐकणारे बसले आहेत.

निवृत्तिनाथ आहेत. वयाने दोन-तीन वर्षांनी मोठे, नात्याने भाऊ, अधिकाराने गुरू. गीता मराठीत सांग, हे त्यांचंच म्हणणं. संतसज्जन आहेत. गावातली माणसं असतील. ज्यांना संस्कृत कधी कानावर पडू दिलं गेलं नाही, तीही असतील.

आणि सच्चिदानंदबाबा आहेत. लिहून घेणारे.

त्यांच्याबद्दल नेवाशात एक कथा सांगतात. त्यांचा प्राण गेला होता. पत्नी सती जायला निघाली होती. वाटेत तिने ज्ञानदेवांना नमस्कार केला, त्यांनी सौभाग्याचा आशीर्वाद दिला आणि बाबा उठून बसले. पुढे तेच ज्ञानेश्वरीचे लेखक झाले.

ही कथा जशी आहे तशी हातात धरा. खरी की खोटी, हे आज बाजूला ठेवा. मरणातून उठलेला माणूस समोर बसला आहे आणि एकेक शब्द टिपून घेतो आहे, एवढंच पाहा.

असा माणूस कसा ऐकत असेल?

उत्तर देऊ नका. प्रश्नापाशी बसा.

*

त्याचा हात पाहा.

बोरू शाईत बुडतो. वर येतो. जास्तीची शाई काठावर निपटली जाते. टोक टेकतं. एक अक्षर उमटतं. मग दुसरं.

सांगणाऱ्याचा शब्द केव्हाच हवेत विरला आहे. हात अजून त्याच शब्दावर आहे.

तेव्हा सांगणारा काय करतो?

थांबतो.

थांबावंच लागतं. लिहिणाऱ्याचा हात मोकळा होईपर्यंत पुढची ओवी ओठांवर राहते.

गीतेचे सातशे श्लोक. त्यांवरच्या ओव्या जवळपास नऊ हजार. आणि प्रत्येक दोन ओव्यांच्या मध्ये एक थांबणं.

नऊ हजार ओव्या आपल्याला पोथीत दिसतात. मधली थांबणी दिसत नाहीत. ती इथे झाली. या खांबापाशी.

ती थांबणी ऐका.

एक ओवी संपली आहे. बोरू कुरकुरतो आहे. कुठेतरी गाय हंबरते. प्रवरेकडून वारा येतो. मुलगा गप्प आहे. समोरचे गप्प आहेत. कुणालाही घाई नाही.

तुम्हीही त्या गप्प बसण्यात बसा.

*

ओवीला एक अंग आहे. ते श्वासावर घेता येतं.

चार चरण. पहिल्या तिघांना यमक. चौथा आखूड, यमक सोडून दिलेला. तीन पावलं सोबतीने पडतात आणि चौथं हळूच टेकतं.

करून पाहा.

श्वास आत घ्या, बाहेर सोडा. एक.

आत, बाहेर. दोन.

आत, बाहेर. तीन.

आता चौथ्याला फक्त सोडा. थोडासाच. आणि थांबा. पुढचा श्वास आपणहून येईपर्यंत थांबा.

पुन्हा करा. एक. दोन. तीन. आणि एक लहानसं टेकणं.

घराघरांत जात्यावर बसलेल्या बायका शतकानुशतकं ओवी म्हणत आल्या. खुंट्याला हात, जात्यात दाणे, ओठांवर ओवी. ग्रंथातली ओवी त्याच घरातली. म्हणून ती डोळ्यांआधी कानाला कळते आणि कानाआधी अंगाला.

एक. दोन. तीन. टेका.

मन मध्येच दुसरीकडे जाईल. घरचा गॅस बंद केला का, परतीची गाडी कितीला, फोनची बॅटरी किती. जाऊ द्या. ते गेलं हे लक्षात आलं की परत या. रागावू नका त्याच्यावर. खांब जागेवर आहे.

*

नवव्या अध्यायाच्या सुरुवातीला ज्ञानेश्वर श्रोत्यांकडे एक गोष्ट मागतात.

दक्षिणा मागत नाहीत. मान मागत नाहीत. एकदा नीट लक्ष द्या, म्हणतात. तेवढं दिलंत की सगळ्या सुखाला तुम्ही पात्र झालात, असं ते उघड सांगतात.

मग ते स्वतःला लहान मूल म्हणवून घेतात. बाप जेवायला बसला आहे. मूल त्याच्या ताटापाशी येतं आणि ताटातलाच घास उचलून त्यालाच भरवू लागतं. बाप काय करतो? आनंदाने तोंड पुढे करतो.

हे चित्र डोळ्यांपुढे आणा. मुलाच्या बोटांना चिकटलेली शितं. अर्धा घास ओठांत, अर्धा दाढीवर. बापाचं जेवण राहिलं आहे आणि त्याला त्याचं काही वाटत नाही.

ऐकणारे म्हणजे तो बाप. पुढे झालेलं तोंड म्हणजे त्यांचं ऐकणं.

त्याच ठिकाणी ज्ञानेश्वर आणखी एक गोष्ट बोलतात. चंद्रकांत मणी पाझरतो खरा, पण त्याला पाझरायला लावण्याची हातोटी चंद्राकडे असते. तसंच, ऐकणारा नसेल तर बोलणारा हा बोलणाराच राहत नाही.

हळू जा इथे.

मराठीतला हा थोर ग्रंथ सांगणारा मुलगा म्हणतो आहे की, हे माझ्याकडून येतं आहे ते तुम्ही ऐकता आहात म्हणून.

ते नुसतं विनयाने म्हटलेलं नाही. ग्रंथात ऐकणारे सतत जागे आहेत. ते मध्येच बोलतात. स्तुती पुरे झाली, आता पुढे चल, म्हणतात. त्याला सावरतात, त्याच्यावर प्रसन्न होतात. पोथी वाचताना आपल्याला त्यांची चुळबुळही जाणवते.

खांबाला टेकून बोलणारा एक. त्याला बोलतं ठेवणारे अनेक. त्यांची नावं राहिली नाहीत. त्यांचं ऐकणं राहिलं, ओवीओवीत.

तुम्ही आत्ता त्यांच्या जागेवर बसला आहात.

ती जागा कुणी राखून ठेवलेली नाही. कुणीही यावं आणि बसावं.

बसा.

डोळे मिटा हवं तर. कान उघडे असू द्या. सगळ्यात दूरचा आवाज कोणता? तो ऐका.

आता सगळ्यात जवळचा.

आता त्याहून जवळचा. तुमचा स्वतःचा श्वास.

*

उठा. पाय अवघडले असतील, त्यांना वेळ द्या. प्रवरेकडे जाऊ या.

वाटेत धूळ आहे. बाभळी आहेत. कुठूनतरी शेणाचा आणि ओल्या चिखलाचा वास येतो.

पाण्याच्या जवळ थांबा.

ही नदी सह्याद्रीतून आली आहे. रतनगडाच्या अंगावरून, रतनवाडीच्या अमृतेश्वरापासून, भंडारदऱ्याच्या धरणातून, रंधा धबधब्यातून कोसळून, संगमनेरच्या कडेने इथे. लोक तिला अमृतवाहिनी म्हणतात. वर्षातले काही महिने ती भरून असते, काही महिने वाळूत आणि डबक्यांत उरते. आज जेवढी आहे तेवढी पाहा.

पाण्याच्या कडेला एक बगळा आहे. एका पायावर. तोही थांबला आहे.

खाली वाका. पाण्याच्या कडेचा एक गोटा उचला. त्याचं वजन तळहातावर घ्या. ओली बाजू, कोरडी बाजू.

या नदीच्या काठाने माणूस फार जुन्या काळापासून राहतो आहे. अश्मयुगातली दगडी हत्यारं इथल्या नदीकाठच्या थरांमध्ये सापडली. 1954 ते 1956 या वर्षांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या हसमुख सांकलियांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथलं लाडमोड टेकाड खणलं. थराखाली थर निघत गेले. सातवाहनांचा काळ. त्याखाली तांबं आणि दगड दोन्ही वापरणारी शेतकरी माणसं. त्यांची घरं, त्यांच्या चुली, त्यांची रंगवलेली लाल भांडी.

त्या माणसांचं लहान मूल गेलं की ती त्याला लांब नेत नसत. मातीच्या रांजणांत ठेवून घराच्या जमिनीखालीच पुरत असत. ज्या जमिनीवर स्वतः निजायचं, तिच्याखाली.

अशा एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. मण्यांच्या आत ओवायचा दोरा शिल्लक होता. रेशमाचा आणि कापसाचा. तीन हजार वर्षांहून जुना.

त्या दोऱ्यापाशी थांबा.

कुणीतरी तो वळला आहे. मांडीवर, बोटांनी. एकेक मणी ओवला आहे. गाठ मारली आहे. मूल गेल्यावर माळ काढून घेतली नाही.

त्या आईचं किंवा आजीचं नाव आपल्यापर्यंत आलं नाही. तिची भाषाही आली नाही. ती रडताना काय म्हणाली असेल, ते कुणी लिहून घेतलं नाही.

या एकाच गावच्या मातीत दोन्ही आहे. लिहून घेतलेलं आणि न लिहिलेलं.

न लिहिलेलंही ऐका. त्यासाठी शब्द लागत नाहीत. हातातला गोटा अलगद परत जागेवर ठेवा. तेवढं पुरे.

आत. बाहेर.

*

गावात मोहिनीराजाचं मंदिर आहे. जमलं तर तिथेही जा.

समुद्रमंथनानंतर विष्णूने मोहिनीचं रूप घेऊन अमृत वाटलं, ते इथे, अशी गावाची श्रद्धा आहे. दगडावरचं कोरीव काम पाहत एक फेरी घाला. गावकुसातल्या या देवस्थानाला ज्ञानेश्वरांनी ग्रंथाच्या शेवटी महालया या नावाने आठवलं आहे. गोदावरीचा दक्षिण काठ, पंचक्रोशीचं क्षेत्र, न्यायाने राज्य करणारा रामचंद्र राजा. हे सगळं ते सांगतात.

ग्रंथ आकाशातून पडलेला नाही. तो एका गावात, एका राजाच्या काळात, एका नदीच्या आसऱ्याने झाला. त्यांनी ते लपवलं नाही. पत्ता लिहून ठेवला.

म्हणून आपण इथे येऊ शकतो.

*

आता पुन्हा खांबापाशी या. मघाच्याच जागेवर बसा.

सगळं सांगून झालं आहे. अठरा अध्याय झाले. मुलगा दमला असेल. आता त्याने काहीतरी मागायचं आहे. वाग्यज्ञ पुरा झाला की मागायचा हक्क असतो.

तो पसायदान मागतो. नऊ ओव्या.

तुम्हाला ते पाठ असेल. शाळेत, हात जोडून, डोळे अर्धे मिटून म्हटलं असेल. ते पाठ आहे म्हणूनच आज ते ओठांवर घेऊ नका. नुसतं काय मागितलं आहे ते आठवा.

दुष्टांचा नाश तो मागत नाही. त्यांच्यातला वाकडेपणा जावा आणि त्यांना चांगल्या कामाची गोडी लागावी, एवढं मागतो.

ज्या मुलाला गावाने बाहेर ठेवलं, तो हे मागतो.

आता तुमच्या मनात एक माणूस आणा. ज्याने तुम्हाला दुखावलं तो. फार मोठं दुःख नको, आज लहानच घ्या. एखादा टोचून बोललेला शब्द.

त्या माणसाला समोर बसू द्या. त्याला क्षमा करायची सक्ती नाही. त्याच्यासाठी काही मागायचीही नाही.

फक्त तो काय म्हणतो आहे ते एकदा, मध्ये न बोलता, ऐका.

त्याचं म्हणणं पटलं नाही तरी चालेल.

आत. बाहेर.

जमलं नाही तर सोडा. एक. दोन. तीन. आणि लहानसं टेकणं.

*

पसायदानानंतर ग्रंथ अगदी संपतो ती ओवी फार साधी आहे.

तिच्यात साल आहे. ज्ञानेश्वरांचं नाव आहे. आणि त्याच ओवीत, त्यांच्या शेजारी, सच्चिदानंदबाबांचं नाव आहे. त्यांनी आदराने लिहून घेतलं, असं म्हटलं आहे.

सांगणारा आणि ऐकून लिहिणारा, दोघांना एका ओवीत जागा मिळाली.

बाबांनी लिहिलेली ती मूळ पोथी आज नाही. पण ती नाहीशी होण्याआधी तिच्यावरून दुसरी झाली होती, दुसरीवरून तिसरी. नक्कल करणाऱ्यांचे हात थकले, डोळे चुकले, ओव्या बदलल्या, नव्या शिरल्या. मग 1584 साली पैठणला एकनाथांनी हाती आलेल्या पोथ्या समोर ठेवल्या आणि ओवीन् ओवी ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली. मधे 294 वर्षं गेली होती.

एकनाथही ऐकतच होते. तीन शतकांपलीकडचा एक आवाज, चुकांच्या गर्दीतून.

नेवाशाहून प्रवरा पुढे टोक्याला जाते आणि गोदावरीत मिसळते. तिथून तेच पाणी पैठणकडे वळतं. आता तिथे धरण आहे आणि त्याच्या जलाशयाला नाथसागर म्हणतात, एकनाथांवरून. पाणी ज्या वाटेने जातं त्याच वाटेने ग्रंथही गेला.

त्या वाटेवर हळूहळू चालत जा, मनाने. काठ, संगम, रुंद होत गेलेलं पाणी. एक पोथी फडक्यात गुंडाळलेली, कुणाच्या तरी काखेत. पावसात तिला तो आपल्या अंगाखाली घेतो. रात्री उशाशी ठेवतो.

असे किती जण असतील.

आपल्या काळात दुर्गा भागवत या खांबापुढे उभ्या राहिल्या आणि त्यांच्या ललितलेखसंग्रहाला 'पैस' हे नाव मिळालं. तुम्ही त्यांच्याही नंतर आला आहात. ही रांग पुढे जात राहील.

*

निघायची वेळ झाली आहे.

कपाळ टेकवायचं असेल तर टेकवा. नुसतं पाहून निघालात तरी चालेल.

उठण्याआधी एकदा तपासून घ्या. खांदे कुठे आहेत? श्वास कसा आहे? आल्यापासून काही सैल झालं असेल. काहीच झालं नसेल तरी हरकत नाही. तुम्ही बसलात, हे झालंच आहे.

चपला घाला. फाट्यावर परत भोंगे असतील, गर्दी असेल, उभं राहून प्रवास करावा लागेल. त्यातही ऐकता येतं. शेजारची बाई काहीतरी सांगू लागेल, सुनेबद्दल, गुडघ्यांबद्दल, कांद्याच्या भावाबद्दल. फोन खिशात ठेवा. तिच्याकडे वळा. तिचं वाक्य पुरं होऊ द्या.

घरी पोचल्यावर एक गोष्ट करा.

घरात जो कोणी असेल, आई, नवरा, मुलगी, भाडेकरू, त्याला समोर बसवा. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय उघडा. त्यातल्या पहिल्या काही ओव्या मोठ्याने वाचा. अर्थ कळला नाही तर थांबू नका. चौथ्या चरणावर मात्र दर वेळी थांबा.

मग पुस्तक त्यांच्या हातात द्या.

आता त्यांनी वाचायचं. तुम्ही ऐकायचं. उच्चार चुकला तर दुरुस्त करू नका. अडखळले तर शब्द पुरवू नका. वाचून झाल्यावर ते आणखी काही बोलू लागतील, पुस्तकाबाहेरचं, बरेच दिवस राहून गेलेलं. बहुतेक वेळा तसंच होतं.

तेही ऐका. त्यांचं बोलून होईपर्यंत.